साहेबाच्या पाच निवडणुका अन् माहा एक भोंगा

साहेब आतापर्यंत आमदारकीले पाच वेळा उभे राह्यले. दोनदा निवडून आले, तीनदा पडले. पाचही वेळा प्रचाराच्या गाडीवर भोंगा घेऊन मीच होतो. दोनदा जिंकले ते साहेबाच्या कामामुळं. तीनदा पडले त्यातली एक माह्या नावावर हाये. त्या एकीपायी एका भल्या माणसाले सहा वर्षं गद्दार म्हणून घ्या लागलं, म्हणून सांगतो.

मले लिहिता येत नाई. दुसरीत होतो तवा मास्तरनं पाटी आणाले घरी धाडलं, तो मी अजून वापस गेलो नाई. हे मी बोलून राह्यलो अन् सून लिहून राह्यली. ती मधातच म्हणते, "बाबा, असं नका सांगू, लोक हसतीन." मी म्हणतो, लिही. साठ वर्षं लोक हासूनच राह्यले, आता काय नवीन हाये?

परतवाड्याच्या बाजारात मी चादरी विकत होतो. चादरी मालकाच्या, घसा माहा. साहेब तवा जिल्हा परिषदेत होते. एका बाजारी माह्या समोर गाडी थांबवली अन् म्हणे, "काय रे, एवढ्या जोरानं ओरडतं, तुले दमा नाई होत?" मी म्हटलं, "साहेब, दमा होते, पण मालक सुट्टी देत नाई." साहेब म्हणे, "पुढच्या महिन्यात मी आमदारकीले उभा राहून राह्यलो. येतं का?" मी तवाच गाडीत बसलो. चादरी तठीच राह्यल्या. मालक दोन वर्षं मले शोधत होता.

पयल्या निवडणुकीत साहेबाले पक्षाचं तिकीट होतं. मले भाषणातलं काई समजत नोहतं, चादरी इकनंच येत होतं. मी नांदगाव खंडेश्वरच्या चौकात माइक धरला अन् म्हटलं, "या या या! पाहून घ्या, हात लावून घ्या, पसंत नाई पडलं तर वापस!" साहेब मांगच्या गाडीत होते, त्यायनं डोस्क्यावर हात मारला. ते पडले. लोकायनं वापस केलं.

दुसऱ्या खेपेले पक्षानं तिकीट देलं नाई. साहेब अपक्ष उभे राह्यले, चिन्ह भेटलं कपबशी. एवढं सोपं चिन्ह जगात दुसरं नसंन. ज्या घरी चहा पेलो त्या घरी चिन्ह हातातच. मी दिवसाले तीस-तीस कप चहा पेलो, मतमोजणीच्या दिवशी दवाखान्यात होतो. पण साहेब निवडून आले. अमरावतीच्या एका स्टुडिओत माह्या आवाजात टेप भरली होती, "कपबशी, कपबशी, ध्यानात ठेवा कपबशी." ती टेप एवढी चालली का लेकरं शाळेत प्रार्थनेच्या येळी तेच म्हणत.

तिसऱ्या खेपेले साहेब सत्तेतल्या पक्षात गेले. मोठं चिन्ह, मोठी सभा, हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर उतरलं तवा माह्या भोंग्याची ताडपत्री उडून गेली अन् मी तिच्यामांग तीन वावरं धावलो. तेवढ्यात सभा संपली. निवडून आले.

आमदार म्हणून काय केलं विचारसान तर सांगतो. नाल्यावर पूल बांधला, तो अजून उभा हाये. दोन गावाले एसटी सुरू केली, त्यातली एक बंद पडली. शाळेच्या खोल्या झाल्या. एक तलाव झाला त्यात पाणी राहत नाई, ते साहेब स्वतःच सांगतात. नागपूरच्या अधिवेशनात साहेब कपाशीवर बोलले. मले पास काढून वर बसवलं होतं आयकाले. मी झोपलो अन् घोरलो. एका शिपायानं मले बाहेर नेऊन सोडलं. साहेब आजही सांगतात, "विधानसभेत माह्या भाषणाले विरोध फक्त याचाच झाला."

आता ज्यायच्यापायी हे सारं सांगतो ते सरपंच. साहेबाच्या मतदारसंघात एक मोठं गाव हाये, बाजाराचं. आजूबाजूच्या चार-पाच खेड्यातले लोक तठी बाजाराले येतात. तठचे सरपंच अन् साहेब लहानपणापासूनचे दोस्त, एका कबड्डीच्या टीममधले. सरपंचाचा एक गुडघा वाकडा हाये, तो साहेबानंच पाडला म्हणतात. साहेबाले 'तू' म्हणणारा मतदारसंघात तो एकच माणूस. निवडणूक कोणतीही असो, त्या गावातून साहेबाले मोठी आघाडी भेटे. सरपंच म्हणत, "आमच्या गावात प्रचाराले येऊ नोको, चहाचा खर्च वाढते."

चौथ्या खेपेले पक्षानं साहेबाचं तिकीट कापलं. त्या दिवशी बंगल्यावर मयतीले बसल्यावानी माणसं बसली होती. साहेब म्हणे, "अपक्ष उभा राहतो. कपबशी मागू." मागितली. पण कपबशी तिघायनं मागितली होती. चिठ्ठ्या टाकल्या. कपबशी गेली एका अशा उमेदवाराले की ज्याले त्याच्या घरचे बी सारे मत देत नोहते. साहेबाले आली शिलाई मशीन.

कपबशी हातात देता येते, शिलाई मशीन कशी देता? मी एका घरी जाऊन म्हटलं, "काकू, मशीन ध्यानात ठेवजा." ती म्हणे, "ध्यानात हाये बाप्पा, दोन वर्षांपासून बिघडली हाये. तू दुरुस्त करतं का?" मी वाकून पाह्यलं बी. बॉबिन अडकला होता. काढला. तिनं मत देलं का नाई मालूम नाई, पण तिची मशीन सुरू झाली.

स्टुडिओत नवी टेप भरली. स्टुडिओवाला म्हणे, "जुन्या टेपीचीच चाल ठेवू, ती लोकाच्या कानात बसली हाये." म्हणून त्यानं जुनी टेप काढली, आयकली, तशीच नवी बनवली. नवी टेप एका पेन ड्राइव्हमधे देली. जुनी बी एका पेन ड्राइव्हमधे टाकून देली, म्हणे, "ठेव आठवणीले, तुहा जवानीचा आवाज हाये." दोन्ही पेन ड्राइव्ह सारखेच. दोन्हीवर कागद चिकटवून त्यानं काहीतरी लिहिलं होतं. मले वाचता येत नाई हे त्याले सांगाची लाज वाटली. मी नवा उजव्या खिशात टाकला, जुना डाव्या खिशात. बस, माही शाळा तेवढीच.

पंधरा दिवस बरोबर चाललं. प्रचाराच्या शेवटच्या दिवसाआधी बायकोनं शर्ट धुतला. धुवाच्या आधी खिसे खाली केले, वाळल्यावर पुन्हा भरले. बाई इमानदार, काही हरवू देत नाई. पण कोणतं कोणत्या खिशात, हे तिले कोणी सांगतलं होतं?

शेवटच्या दिवशी सरपंचाच्या गावचा बाजार होता. गावातले सारे कार्यकर्ते, सरपंच धरून, तालुक्याच्या शेवटच्या रॅलीले गेले होते. मले सांगतलं, "तू बाजारात गाडी उभी कर अन् टेप चालू ठेव. बाकी काही करू नोको." मी गाडी बाजाराच्या मधात निंबाखाली लावली. उजव्या खिशातला पेन ड्राइव्ह काढला, लावला, आवाज वाढवला. पयली ओळ होती साहेबाचं नाव. तेवढी आयकली. तेवढ्यात एकजण आला, म्हणे, "भोंगेवाले भाऊ, वावरात रोडगे हायेत, चला." म्हटलं, "कोणाचे?" तो म्हणे, "नवसाचे." कोणाचा नवस होता ते मले आजही मालूम नाई. देवाले मालूम असंन.

मी गेलो. गोवरीवरचे रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. मी किती खाल्ले ते सून लिहू देत नाई. मंग बाभळीखाली आडवा झालो. पंधरा दिवस तोच तो आवाज आयकून कान बहिरे झाले होते, दूर बाजारातून माहाच आवाज येत होता, पण त्यातलं काही माह्या ध्यानात शिरलं नाई. मले तर गाढ झोप लागली.

उठलो तवा उन्हं कलली होती. बाजाराकडं चालत आलो. जवळ आलो तसं आयकू आलं. "कपबशी, कपबशी, ध्यानात ठेवा कपबशी."

राजेहो! तीन तास! बाजाराच्या दिवशी, चार-पाच खेड्याच्या लोकाइले, साहेबाचं नाव घेऊन मी दुसऱ्या उमेदवाराचं चिन्ह सांगत होतो. त्या उमेदवारानं स्वतःचा प्रचार एवढा केला नोहता.

मी पळत जाऊन पेन ड्राइव्ह उपटला. घाईत नवा लावला तर तो लागेच ना. मंग माइक घेतला अन् तोंडानंच ओरडलो, "शिलाई मशीन! शिलाई मशीन!" पण बाजार उठला होता. लोक पिशव्या घेऊन घराकडं निघाले होते. एक बुढा जाता-जाता म्हणे, "आता मशीन बी इकून राह्यला का?" मी गाडी घेऊन जवळच्या दोन खेड्यात धावलो, ओरडलो, घसा फाटला. मंग प्रचाराची येळ संपली अन् पोलिसानं भोंगा बंद कराले लावला.

कोणाले सांगतलं नाई. मी म्हटलं, मतदानाच्या मशीनवर फोटो असते, लोक फोटो पाहून बटन दाबतीन. पण बुढ्या माणसाले फोटो दिसते का? त्यायले चिन्हच दिसते.

मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत साहेब पुढं होते. मंग सरपंचाच्या गावच्या पेट्या लागल्या. कपबशीवाल्याले बाकी सगळीकडं चिल्लर मतं होती, पण त्या गावात अन् बाजूच्या खेड्यात त्याले एवढी भेटली की मोजणारे बी एकमेकाकडं पाहाले लागले. एका लग्नाच्या पंगतीत माणसं बसतात तेवढ्या मतानं साहेब पडले.

बाहेर आले तवा साहेब एवढंच म्हणे, "माह्या दोस्तानं माह्या हातात कपबशी देली." त्या दिवसापासून सरपंचाचं नाव साहेबाच्या बंगल्यावर निघालं नाई. कार्यकर्त्यायनं गावोगावी सांगतलं की सरपंच फुटले, अंदरून कपबशी चालवली. बाजारात कपबशी वाजली हे ज्यायले आठवलं ते म्हणे, ते बी सरपंचाचंच काम. पुढच्या पंचायतीत सरपंच पडले. गावात त्यायच्या घराले कपबशीचं घर म्हणाले लागले. पारावर ते बसाले गेले की कोणीतरी म्हणे, "या, कपबशी! चहा घेता का?" अन् सारा पार हासे. मी बी दोनदा तठी होतो. एकदा मी बी हासलो. हे सून लिहून राह्यली अन् माह्याकडं पाहून राह्यली. लिही म्हटलं.

पाचव्या खेपेले साहेब अकोल्याकडच्या एका मतदारसंघात उभे राह्यले. तठच्या लोकायनं भिंतीवर लिहिलं, 'पार्सल वापस पाठवा.' मले वाचता येत नाई, म्हणून मी त्याच भिंतीखाली गाडी लावून तीन दिवस प्रचार केला. डिपॉझिट गेलं. साहेब म्हणे, "आता पुरे." तवापासून ते कायमचे माजी आमदार.

या वर्षी साहेबाले पंचाहत्तर लागले. अमरावतीत सत्कार ठरला अन् त्यानिमित्तानं एक पुस्तक. पुस्तक लिहाले एक कालेजातले सर आले. बंगल्यावर साहेब होते, तीन-चार जुने कार्यकर्ते होते. साहेब म्हणे, "याले बोलवा. माही पाचही निवडणुका याच्या डोस्क्यात हायेत." मी सांगत गेलो, सर लॅपटॉपवर टाइप करत गेले. शेवटी त्यायनं वाचून दाखवलं. चौथ्या निवडणुकीवर आले अन् वाचलं, "जवळच्या सहकाऱ्याच्या विश्वासघातामुळे निसटता पराभव." साहेब म्हणे, "हो. नाव नका टाकू, गावाले समजते." पुस्तक दोन दिवसानं छापाले जाणार होतं.

मले वाटलं, आतापर्यंत लोक तोंडानं बोलत होते. तोंडाचं बोलणं जाते वाऱ्यावर. हे छापून येणार अन् सरपंचाच्या नातवाइले बी वाचता येईन.

मी म्हटलं, "सर, ते वाक्य खोडा."

"काहून?" साहेब म्हणे.

"सरपंचानं काही नाई केलं. कपबशी मी वाजवली." अन् मी सारं सांगतलं. शर्ट, खिसे, रोडगे, बाभूळ.

सारे हसाले लागले. एक कार्यकर्ता तर खाली बसून हासला. साहेबाच्या डोळ्यात पाणी आलं हासून. ते म्हणे, "अबे लेका, तुही सवयच हाये सारं आपल्या अंगावर घेयाची. मांग म्हणे अकोल्यात डिपॉझिट माह्यापायी गेलं. त्याच्याआधी म्हणे हेलिकॉप्टर माह्यापायी उशिरा आलं."

"साहेब, हे खरं हाये."

"ते बी खरंच होतं तुहं."

सर म्हणे, "किस्सा छान आहे. 'हलकेफुलके क्षण' म्हणून वेगळं प्रकरण करतोय, त्यात घेऊ."

माह्या जिंदगीतली एकच गोष्ट मी हासवाले नोहती सांगतली, अन् ती हलक्याफुलक्यात चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरली अन् सरपंचाच्या गावी गेलो. सरपंच ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "जयभीम, सरपंच."

"जयभीम. आज कसा? भोंगा कुठी ठेवला?"

मी उभ्यानंच सांगतलं. बसलो असतो तर उठता आलं नसतं. त्यायनं शेंगा सोलणं थांबवलं नाई. सारं आयकून घेतलं अन् आत आवाज देला, "अवं, बाहेर ये. हा आज सांगून राह्यला."

बायको दारात आली. "सहा वर्षानं?" ती म्हणे. "मी त्या दिवशी बाजारात कांदे घेत होती. तुही गाडी तीन तास कपबशी-कपबशी करत होती. मले वाटलं चिन्ह बदललं असंन, मी बी कपबशीच दाबली. मंग निकाल लागल्यावर यायले सांगतलं."

"तुमाले मालूम होतं?" मी सरपंचाले म्हटलं.

"मले मालूम होतं, अन् तुह्या साहेबाले बी मालूम होतं. निकालाच्या दिवशीच मी बंगल्यावर गेलो अन् सांगतलं, तुह्याच गाडीनं कपबशी वाजवली. तर म्हणे, 'माह्या गरीब माणसावर ढकलून राह्यला का? तो पंधरा वर्षं माह्यासंगं हाये, तो असं करणार नाई.' मी म्हटलं, मी पन्नास वर्षं संगं हावो. तर म्हणे, 'बाहेर हो.'"

मले हे मालूमच नोहतं. साहेबानं मले वाचवाले आपला दोस्त सोडला होता. अन् मी रोडगे पचवून गपचूप बसलो होतो.

"मले काहून नाई बोलले तुमी?" मी विचारलं.

"तुले बोललो असतो तर तू त्याचा बी जोक केला असता. गाव हासलं असतं. मंग ते कोणाले खरं वाटलं असतं का?" सरपंच म्हणे. "पोरीच्या लग्नात पत्रिकेवर तुह्या साहेबाचं नाव सगळ्यात वर होतं. दोनदा मंगलाष्टकं थांबवली मी, येतो का म्हणून."

बायको म्हणे, "यायले दिसे बाहेर गाडी आली. पाहतात तर कोणाची तरी दुसरीच."

मले चहा देला. कपबशीतच देला. मी पेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळीच बंगल्यावर गेलो. साहेब बंगईवर एकटेच झुलत होते. मी म्हटलं, "साहेब, निकालाच्या दिवशी सरपंच तुमाले सांगाले आले होते. तुमी त्यायले बाहेर काढलं. माह्यासाठी."

साहेबानं बंगई पायानं थांबवली. "त्यानं शिकवून पाठवलं का तुले?"

"नाई. मी स्वतः गेलो. साहेब, मी कशाची शपथ घेऊ? माह्या शपथीवर तर तुमी हासता."

 साहेब हळूच म्हणे, "त्या सांजच्याले तू वापस आला तवा तुहा घसा बसला होता. मी विचारलं होतं. तू म्हणे थंड पाणी पेलो."

"हो."

"टेप चालू होती तर घसा काहून बसला तुहा?"

 माह्या तोंडातून जोक निघाला नाई, बहुतेक तेच पाहून त्यायले खरं वाटलं.

मले वाटलं मारतीन. मारलं नाई. उठून आत गेले, सरले फोन लावला. मले आयकू येत होतं. "ते वाक्य काढा. फक्त पराभव लिहा. नाई, कारण नका लिहू. कारण मी सांगतो लोकाइले." मंग बाहेर आले अन् म्हणे, "गाडी काढ."

अमरावतीपासून त्या गावापर्यंत गाडी मीच चालवली, साहेब मांग बसले. मी एकदा म्हटलं, "साहेब, काच वर करू का?" तर त्यायनं काच स्वतःच वर केली.

सरपंच ओट्यावरच होते. साहेबाले पाहून उठले नाई. म्हणे, "या, माजी आमदार."

साहेब खाली उभेच. "माहं चुकलं."

"तुहं नाई, याचं चुकलं. तुहं एवढंच चुकलं की तू माहं मानलंच नाई, हाकललं."

"पुस्तकातून ते वाक्य काढाले सांगतलं मी."

"तुहं पुस्तक कोण वाचते? मी बी वाचणार नाई." सरपंच पयल्यांदाच थोडे हासले, पण लगेच थांबले. "मले पुस्तकात काही नोको. तठी जाऊन सांग." अन् त्यायनं पाराकडं बोट केलं.

पारावर नेहमीची माणसं बसली होती, आठ-दहा. साहेबाले पाहून उठली. साहेबानं आयुष्यात मोठमोठ्या सभा केल्या, पण पाराच्या पायरीवर चढताना त्यायचा हात भिंतीवर होता. माइक नोहता. साहेबानं सांगतलं, "चौथी निवडणूक सरपंचानं पाडली नाई. प्रचाराची टेप चुकीची वाजली, माह्या गाडीवर वाजली, अन् हे मले निकालाच्या दिवशीच सरपंचानं सांगतलं होतं, मी मानलं नाई." माहं नाव त्यायनं घेतलं नाई. मी मांगून ओरडलो, "मी वाजवली! मीच! टेप लावून रोडगे खाले गेलो!" साहेब म्हणे, "गप बस."

पाराखाली एक बुढी बकरी घेऊन उभी होती. ती म्हणे, "म्हणजे कपबशी तुमची नोहती का?"

"नोहती, माय."

"अवं बाई! मी तर या खेपेले बी कपबशीच दाबली. तुमीच असान म्हणून."

 साहेब म्हणे, "चालते, माय."

आता पारावरचे हसले. पण सरपंचावर नाई हसले. हे मी ध्यान देऊन पाह्यलं, कारण हासणं कोणावर हाये हे मले बरोबर समजते. काही बुढीवर हसले, बाकीचे माह्यावर. एकजण मले म्हणे, "भोंगेवाले, रोडगे किती खाल्ले होते?" मी आकडा सांगतला. तो सून लिहत नाई.

सरपंच लंगडत आले अन् पाराजवळून घराकडं निघाले. संगं साहेब. रोज त्यायले 'या, कपबशी' म्हणणारा माणूस पाराच्या काठाशीच बसला होता. तो सरकला, जागा केली, अन् म्हणे, "बसा ना, सरपंच."

सरपंच थांबले नाई. म्हणे, "बसत नाई. घरी पाहुणा हाये."